भिंतीतल्या मुंग्या : आधी शोध, मग आमिष आणि भोक बुजवणे सगळ्यात शेवटी

सोलापुरात मार्च सरता सरता घराघरांत एकच प्रकार सुरू होतो. स्विचबोर्डाच्या कडेने, चौकटीच्या फटीतून किंवा ओट्याच्या मागून मुंग्यांची रांग निघते. घरातलं माणूस स्प्रे मारतं, रांग नाहीशी होते आणि आठवड्याभरात दुसऱ्या खोलीत दोन रांगा दिसतात. मग पांढरा सिमेंट आणून भोक बुजवलं जातं, तर मुंग्या वीतभर अंतरावर गिलावा पोखरून बाहेर येतात.

यात औषधाचा दोष फार थोडा असतो, चुकतो तो क्रम. बाहेर दिसणारी रांग म्हणजे वसाहतीचा लहानसा भाग असतो. राणी, अंडी, अळ्या आणि बहुसंख्य कामकरी मुंग्या भिंतीच्या आत असतात आणि तिथवर कुठलाही स्प्रे पोहोचत नाही. आत पोहोचण्याची वाट मुंग्यांनाच ठाऊक असते. म्हणून विष त्यांच्याच तोंडून आत पाठवावं लागतं, आणि ते आत जाईपर्यंत त्यांचा रस्ता मोकळा ठेवावा लागतो. पुढचे टप्पे याच क्रमाने करा. मधला एखादा गाळलात, तर पुढच्या टप्प्यातली मेहनत फुकट जाते.

## टप्पा १ : पहिल्या दिवशी काय करायचं नाही

रांग दिसली की हात शिवशिवतात, तरी या गोष्टी टाळा.

स्प्रे आणि खडू. बाजारातल्या बहुतेक स्प्रेंमध्ये आणि मुंग्यांच्या खडूत पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. ते समोरची मुंगी मारतं आणि मागच्यांना त्या जागेपासून दूर हाकलतं. घरात पिवळसर बारीक मुंगी असेल, तर नुकसान दुप्पट होतं. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. धोका जाणवला की काही राण्या थोड्या कामकरी मुंग्या आणि अंडी घेऊन निघतात आणि दुसऱ्या भिंतीत वेगळं घर करतात. एका घरट्याची तीन घरटी होतात ती अशी.

रॉकेल, पेट्रोल, उकळतं पाणी. जमिनीतल्या वारुळावर उकळत्या पाण्याचा थोडाफार उपयोग होतो. भिंतीत ओतलं तर फक्त ओल वाढते, आणि मुंग्यांना हवी असते ती ओलच. रॉकेल-पेट्रोलचं तर नावही काढू नका. भिंतीत वायर असतात.

शेतीची औषधं. घरी शेती असली की शेतावरचा उरलेला डबा घरात वापरायचा मोह होतो. शेतीची कीटकनाशकं बंद खोलीत वापरण्यासाठी बनवलेली नसतात. दाणेदार फोरेटच्या वापरावर तर देशात २०२० अखेरीपासून बंदी आहे, तरी जुने पुडे माळ्यावर पडलेले सापडतात. ते घरात उघडू नका.

> सक्त ताकीद : ज्वारी-गव्हात ठेवायच्या सल्फासच्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या भिंतीच्या भोकात, माळ्यावर किंवा खोलीत कधीही ठेवू नका. हवेतल्या ओलाव्यानेही त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जातो आणि त्यावर उतारा देणारं औषध नाही.

हळदीची रेघ, कापूर, लवंग यांनी रांग थोडा वेळ वळते, घरटं जागेवरच राहतं. आमिष ठेवायचं असताना रांग वळवणं आपल्याच तोट्याचं आहे.

## टप्पा २ : वाळवी नाही ना, याची खात्री

मुंगी समजून वाळवीकडे दुर्लक्ष झालं, तर चौकट हातची जाते. भिंतीवर किंवा लाकडावर मातीची बारीक, बंद नळी चढलेली दिसली तर ती वाळवी. मुंग्या उघड्यावर रांग लावतात, वाळवी उजेडात चालत नाही.

गोंधळ होतो तो पहिल्या पावसानंतर, ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमतात तेव्हा. एक किडा पांढऱ्या कागदावर घ्या आणि जवळून पाहा. कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकल्यासारख्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतील, तर मुंगी. कंबर दिसतच नाही, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतील, तर वाळवी. वाळवी निघाली तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. तिचे उपाय वेगळे आहेत.

## टप्पा ३ : मुंगी कोणती ते ओळखा

शास्त्रीय नाव पाठ करायची गरज नाही. आकार, रंग, चाल एवढं पुरतं. पारदर्शक चिकटपट्टीवर चार मुंग्या चिकटवून मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठ्या करून पाहा.

- पिवळसर तांबूस, दोन मिलिमीटरच्या आसपास, सावकाश एका ओळीत चालणारी. ही फॅरो मुंगी. भिंतीच्या पोकळीत, वायरच्या पाइपात, चौकटीमागे राहते. गोड खाते, पण तेलकट आणि मांसाहारी पदार्थांवरही तुटून पडते. सगळ्यात चिवट हीच.
- डोकं काळं, मागचा भाग इतका फिका की मुंगी अर्धीच दिसते. आकाराने वरच्यापेक्षाही बारीक. बाथरूम आणि सिंकच्या ओल्या भिंतीत सापडते. गोडाची वेडी.
- काळपट, लांब पायांची, दिशाहीन पळणारी. रांग नीट लागत नाही, पळापळ दिसते. जागा भराभर बदलते.
- लाल, चावली की आग होते, फरशीच्या सांध्यातून मातीचे ढीग काढणारी. हिचं घर भिंतीपेक्षा फरशीखाली किंवा जोत्यात असण्याची शक्यता जास्त.
- मोठे काळे मुंगळे. यांचं वारूळ बहुतेक वेळा बाहेर जमिनीत, झाडाच्या बुंध्याशी असतं. घरातच मुक्काम दिसला तर ओलीने कुजलेली चौकट किंवा तुळई शोधा. मुंगळे लाकूड खात नाहीत, कुजकं लाकूड पोखरून राहतात.

> तपासणी : घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर आजच पलंग भिंतीपासून हातभर ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका आणि पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. पिवळी मुंगी जखमेवर आणि ओल्या पट्टीवरही जाते.

## टप्पा ४ : घरट्याचं तोंड शोधा

या टप्प्याला घाई करू नका. दोन-तीन संध्याकाळी यातच घालवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी रांगा पातळ असतात, त्यामुळे पहाट किंवा रात्री जेवणं उरकल्यावरची वेळ धरा.

१. कडक भाकरीचा एक तुकडा चुरून बारीक कणी करा, त्यावर शेंगदाणा तेलाचा एक थेंब टाकून चोळा आणि ती रांगेच्या कडेला ठेवा. ज्वारीची पांढरी कणी लांबून दिसते. मुंगी ती जबड्यात उभी धरते. शहाबादीच्या काळ्या फरशीवर पांढरा ठिपका आपोआप सरकताना दिसतो. स्कर्टिंगच्या कडेने, चौकटीच्या पायापाशी वळून, वर गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगेपाशी तो ठिपका थांबतो. कणी आत मावत नाही. दोन मुंग्या आतून येतात, कणी आडवी-तिरपी फिरवतात आणि आत ओढतात. ते तुमचं तोंड.

२. रिकाम्या हाताने जाणाऱ्या मुंगीचा पाठलाग करू नका, ती खाणं शोधायला निघालेली असते. ओझं घेतलेली मुंगीच घरी जाते.

३. प्रत्येक तोंडाशी पेन्सिलने बारीक खूण करा, फोटो काढा. एकाच घरट्याची दोन-चार तोंडं असणं नेहमीचं आहे.

४. त्याच भिंतीची बाहेरची बाजू पाहा. रांग भिंतीवरून उतरून जोत्याच्या कडेला मातीत जात असेल, तर भिंत हा नुसता रस्ता आहे आणि घरटं बाहेर आहे. तेव्हा आमिष बाहेर, रांगेच्या वाटेवर ठेवायचं.

जागेनुसार शोधायच्या खुणा बदलतात. बाळीवेस आणि जुन्या पेठांतल्या दगड-मातीच्या जाड भिंतींत सांध्यांची माती भुसभुशीत होऊन पोकळ्या पडलेल्या असतात. कोनाड्याच्या तळाशी किंवा तुळई भिंतीत शिरते तिथे खाली मातीचा बारीक भुगा पडतो. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर असेल तर भुगा वरूनही पडतो. जुळे सोलापूरकडच्या नव्या बांधकामांत मुंग्यांचा हमरस्ता म्हणजे भिंतीत गाडलेले वायरचे पाइप. एकाच दिवशी स्वयंपाकघर, हॉल आणि बेडरूमच्या बोर्डांतून मुंग्या निघाल्या, तर घरटी तीन असतीलच असं नाही, पाइप एकच असेल. पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत तर आतल्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येतं. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत गेलात, तर गिलावा सुटलेल्या जागी पोकळ आवाज येतो. तिथेही खूण करा.

> धोका : बोर्डातून मुंग्या निघत असतील तर मेन स्विच बंद केल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका आणि बोर्डावर स्प्रे कधीही मारू नका. स्प्रेमधला वायू पेट घेऊ शकतो. आतली तपासणी वायरमनकडूनच करून घ्या.

सामाईक भिंतीचं घर असेल, तर शेजाऱ्यांशी आत्ताच बोला. घरटं दोघांच्या मध्ये असतं. इकडे आमिष आणि तिकडे स्प्रे चालू राहिला, तर काम कधीच संपत नाही.

## टप्पा ५ : ओल बंद करा

आमिषाआधी हे का, असा प्रश्न पडेल. कोरड्या शहरात, चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात मुंग्यांना थंड आणि दमट जागा लागते. ती त्यांना आपणच देतो.

सोलापुरात रोज नळाला पाणी येत नाही, म्हणून घरोघरी हौद, सिंटेक्सची टाकी आणि पिंपं भरलेली असतात. पाणी सुटलं की टाकी भरून वाहते, ओघळ भिंतीवरून उतरतो आणि त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला मुंग्या दिसतात. दुसरं कारण कूलर. खिडकीत बसवलेल्या कूलरचं पाणी चौकटीखालच्या गिलाव्यात मुरतं आणि मार्च ते जून ती पट्टी ओली राहते. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या मुंग्यांचं मूळ बरेचदा हेच असतं. कूलर स्टँडवर घेऊन भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, त्याच्या तळाची गळती बंद करा.

भिंतीत ओल आहे की नाही, हे हाताने नीट कळत नाही. फूटभर जाड प्लास्टिकचा तुकडा संशयित जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे बिंदू जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. पाइपलाइनची गळती पाहायची असेल तर रात्री वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खूण करा, घरात पाणी वापरू नका आणि सकाळी पातळी पाहा. उतरली असेल तर प्लंबरला बोलवा. सिंकखालची नळी, मोरीचा कोपरा, नहाणी ट्रॅपची कडा आणि फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे हेही एकदा पाहून घ्या.

गळती दुरुस्त केली म्हणजे भिंत लगेच वाळत नाही, आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर थांबायची गरज नाही, पुढचा टप्पा सुरू करा.

## टप्पा ६ : बाकीचं खाणं उचला

घरात पाच ठिकाणी आयतं खाणं मिळत असेल, तर मुंगी तुमच्या आमिषाकडे कशाला वळेल? शेंगा चटणीची बरणी, शेंगदाण्याचं कूट, गूळ, साखर, तेलाची किटली हे सगळं घट्ट झाकणात ठेवा. तेलाच्या किटलीच्या तळाशी साचलेलं तेल पुसा. ओटा रात्री साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा. कचऱ्याची बादली रात्री घराबाहेर ठेवा. मांजर-कुत्र्याचं ताट, देवापुढचा नैवेद्य आणि पंचामृताचे थेंबही आलेच. संक्रांतीच्या दिवसांत तिळगुळाचा डबा विसरू नका.

एक जागा मात्र पुसायची नाही. ज्या रांगेवर आमिष ठेवणार आहात, तिला हात लावू नका. मुंग्या वासाच्या मागावर चालतात. रोज सकाळी घरभर फिनाइल मारायची सवय असेल, तर त्या हातभर जागेपुरती आवरा. आमिषाचं काम बिघडायला ही एवढीशी गोष्ट पुरते.

## टप्पा ७ : चव तपासा

आमिष बनवण्याआधी एक रात्र यासाठी ठेवा. पुठ्ठ्याच्या तीन तुकड्यांवर रांगेच्या कडेला तीन गोष्टी ठेवा : साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापूस, तेल सुटेपर्यंत वाटलेलं भाजक्या शेंगदाण्याचं कूट आणि उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक. अंडं चालत नसेल तर पहिल्या दोन पुरेत. कुटात तिखट, मीठ, लसूण नको. तासाभराने कुठे गर्दी आहे ते पाहा.

मुंग्यांची आवड ऋतूप्रमाणे आणि वसाहतीच्या गरजेप्रमाणे बदलते. पूर्ण वाढ झालेली मुंगी द्रवच पिऊ शकते, घन अन्न अळ्यांसाठी नेलं जातं. आत अळ्या खूप असतील तेव्हा तेलकट आणि प्रथिनांच्या पदार्थांना मागणी वाढते. शेजारणीकडे साखर चालली म्हणून तुमच्याकडे चालेल, असं धरून चालू नका.

## टप्पा ८ : आमिष तयार करा आणि लावा

लागणारी वस्तू म्हणजे बोरिक पावडर, औषधाच्या दुकानात मिळते. कॅरमची पावडर घेऊ नका. काही पुड्यांत बोरिक असते, काहींत नुसता स्टार्च, आणि पुड्यावर ते लिहिलेलं नसतं.

गोड आमिष : अर्धा लिटर कोमट पाणी, १०० ते १२५ ग्रॅम साखर आणि एक सपाट लहान चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम बोरिक पावडर. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. बोरिकचं प्रमाण साधारण एक टक्का पडतं.

तेलकट आमिष : पाच मोठे चमचे तेल सुटलेलं शेंगदाण्याचं कूट आणि अर्धा लहान चमचा बोरिक पावडर. एकजीव होईपर्यंत मळा.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. लवकर मरतील म्हणून पावडर दुप्पट-तिप्पट घातली जाते. जास्त पावडर पडली तर मुंग्या आमिष नाकारतात किंवा वाटेतच मरतात. आपल्याला हवी आहे ती पोटभर खाऊन घरी पोहोचणारी, आणि तिथे तोंडातून तोंडात घास भरवून राणीपर्यंत विष नेणारी मुंगी. म्हणून विष मंदच हवं.

बाजारचं जेल वापरायचं असेल, तर लेबलवर मुंग्यांचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचा. काही जेल फक्त झुरळांसाठी असतात. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही पाहा. हिरवा म्हणजे सगळ्यात कमी विषारी, मग निळा, पिवळा आणि सगळ्यात जहाल लाल. लाल आणि पिवळा त्रिकोण घरात आणूच नका.

लावण्याची पद्धत :

१. झाकणाची छोटी प्लास्टिकची डबी घ्या, तळाजवळ चार बारीक भोकं पाडा. आत आमिषात भिजवलेला कापूस किंवा कुटाची गोळी ठेवा. पोरांचा हात, पाल आणि धूळ यांपासून आमिष राखलं जातं.

२. डबी रांगेला चिकटून, तोंडापासून तीन-चार बोटं लांब ठेवा. तोंडावर दाबून ठेवू नका. प्रत्येक तोंडाशी वेगळी डबी. बोर्डाच्या आत नाही, त्याच्या खाली.

३. संध्याकाळी ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात साखरेचं पाणी सकाळपर्यंत चिकट आणि दुपारपर्यंत कडक होतं. वाळलेलं आमिष निरुपयोगी, म्हणून कापूस रोज बदला. कुटाची गोळी दोन दिवस चालते, त्यानंतर खवट होते.

४. उरलेलं मिश्रण वेगळ्या बाटलीत, तांबड्या अक्षरांत ‘विष’ लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. सरबताची किंवा पाण्याची जुनी बाटली वापरू नका. वाटी-चमचाही वेगळाच ठेवा आणि पावडर हाताळताना नाकाला रुमाल बांधा.

> ताकीद : बोरिक पावडर मोठ्या माणसाला सौम्य वाटली तरी लहान मुलाच्या पोटात गेली तर घातक ठरू शकते. तसं झालं तर ओकारी काढायच्या भानगडीत न पडता पुडा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा.

## टप्पा ९ : वाट पाहा, आणि नेमकं काय होतं ते ओळखा

पहिल्या दोन दिवसांत मुंग्या कमी होण्याऐवजी वाढतात. डबीभोवती काळं कडं पडतं. घरातली वडीलधारी म्हणतात, हे तर आणखी बोलावून घेतलंस. आमिष लागू पडल्याची खूण हीच आहे. एकही मुंगी मारू नका, रांग ओलांडून जा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गर्दी ओसरू लागते. आठवड्याभरात चार-दोन मुंग्या रेंगाळताना दिसतात आणि लोक इथेच डबी उचलतात. ती उचलायची नाही. आत कोशात असलेल्या मुंग्या काही खात नाहीत, म्हणून त्यांना विष पोहोचलेलं नसतं. त्या आठ-दहा दिवसांनी बाहेर येतात आणि रांग परत दिसते. डबी तिथेच असेल, तर त्याही त्याच वाटेने जातात. साधारण तीन आठवडे आमिष चालू ठेवा. पिवळ्या मुंगीसाठी दोन महिने धरून चाला, कारण तिच्या अंड्यापासून पूर्ण मुंगी व्हायलाच पाच-सहा आठवडे लागतात.

चोवीस तासांत एकही मुंगी आमिषाला शिवली नाही, तर पावडरचं प्रमाण अर्धं करा. तरीही नाही, तर चव बदला. आमिष खाल्लं जातंय पण दहा दिवसांत गर्दीत काहीच फरक नाही, तर तोंड एखादं सुटलंय. पुन्हा टप्पा ४.

> पुढे जाण्याआधीची तपासणी : सलग दोन आठवडे रात्रीच्या वेळी एकही रांग नाही, आणि साध्या साखरपाण्याचा कापूस रात्रभर ठेवूनही कोणी फिरकलं नाही. या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय टप्पा १० सुरू करू नका.

## टप्पा १० : आता भोकं बुजवा

घरटं जिवंत असताना तोंड बंद केलं, की मुंग्या दुसरीकडून फोडून निघतात आणि तुमची पेन्सिलची खूण कामातून जाते. आता मात्र बुजवणं गरजेचं आहे, कारण रिकामी तयार पोकळी नव्या वसाहतीला आयती मिळते.

जागेप्रमाणे माल बदलतो. आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव इथे ध्यानात घ्या. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते, त्यामुळे तिच्यावर उभ्या घरांचं जोतं आणि भिंतीचे सांधे दर वर्षी थोडे हलतात. हलणाऱ्या सांध्यात पांढरा सिमेंट भरला की पुढच्या मे महिन्यात शेजारीच नवी भेग पडते.

- चौकट आणि भिंत, जोतं आणि फरशी यांचे सांधे : लवचिक सीलंट. आधी सुटी माती ब्रशने काढा, फट कोरडी करा. ओल्या फटीत सीलंट धरत नाही.
- गिलाव्यातली केसाएवढी भेग : पत्र्याच्या टोकाने थोडी रुंद करून, धूळ झटकून ॲक्रिलिक क्रॅक फिलर. वर पुट्टी आणि रंग.
- शहाबादी फरशीचे सांधे : सैल झालेला माल खरवडा. फरशी पोकळ वाजत असेल तर नुसता सांधा भरून उपयोग नाही, गवंड्याकडून ती उचलून खालचा थर दाबून घ्या. लाल मुंगी परत येते ती याच पोकळीत.
- दगड-मातीची जुनी भिंत : सिमेंट लावू नका. सिमेंटखाली ओल कोंडते, गिलावा फुगून सुटतो आणि मागे नवी पोकळी तयार होते. चुना-मातीचाच माल वापरा.
- वायरच्या पाइपांची तोंडं : मेन बंद करून वायरमनकडून सीलंटने बंद करून घ्या. बोर्डाची पेटी भरू नका.
- सिंक आणि मोरीच्या नळ्या भिंतीत शिरतात त्या जागा : सिलिकॉन. सगळ्यात जास्त विसरल्या जाणाऱ्या याच.

मोठी पोकळी असेल, तर बंद करण्याआधी रबरी फुग्याच्या पंपाने चिमूटभर कोरडी बोरिक पावडर आत उडवा. थर दिसेल न दिसेल इतकाच हवा, ढिगाला मुंगी वळसा घालते. वायर असलेल्या पोकळीत हे करू नका.

भेग तिरकी असेल, बोट शिरेल एवढी असेल किंवा वर्षागणिक वाढत असेल, तर ती मुंग्यांची बाब राहिली नाही. इंजिनिअरला दाखवा.

बुजवण्याचं काम शक्यतो एप्रिल-मेमध्ये उरका. तेव्हा सांधे सगळ्यात रुंद उघडलेले आणि कोरडे असतात, सीलंट खोलवर बसतं आणि जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी घर बंद होतं. पहिल्या जोराच्या पावसात जमिनीतल्या वारुळांत पाणी शिरतं आणि बाहेरच्या वसाहती कोरडी जागा शोधत भिंतीकडे वळतात. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन रात्री जोत्याच्या कडेने टॉर्च घेऊन एक फेरी मारा. भिंतीला टेकलेल्या फांद्या, विटांचे ढीग, कुंड्या तेव्हाच हलवा.

## पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं तेव्हा

दोन महिने नीट आमिष देऊनही पिवळ्या मुंग्या आटोक्यात आल्या नाहीत, घरटं उंचावर किंवा बोर्डामागे आहे, किंवा पूर्ण इमारतीतच फैलाव आहे, तर माणूस बोलवा. फोनवरच हे विचारून घ्या :

कीटकनाशकांचा परवाना आहे का? घरांत फवारणीचा धंदा करायला तो कायद्याने लागतो. मुंगी कोणती ते पाहून औषध ठरवणार, की आल्या आल्या सगळीकडे पंप मारणार? जेल किंवा मुंग्यांना न हाकलणारं औषध वापरणार का? औषधाचं नाव पावतीवर लिहून देणार का? पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा पाहायला येणार का?

‘एकदाच फवारतो, वर्षभर मुंगी दिसणार नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर लावा. आणि जो येणार असेल त्याला तुमचे पेन्सिलच्या खुणांचे फोटो आधीच पाठवा, म्हणजे तोंडं शोधण्यात त्याचा वेळ जाणार नाही.